शेळ्यांची कोरडी भिंत

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी सेवादास चुलीपुढे बसून धबुकाराचा घास विस्तवावर सोडत होता. वाडवडिलांच्या नावानं लापशी आणि वरून तूप, एकेकाचं नाव घेऊन. नावं मागून पुढे येत येत वडिलांपाशी पोचली. "रतनसिंग बा, घास घ्या," असं तो म्हणाला आणि त्याच्या डोक्यावरच्या भिंतीतून तळहाताएवढा पोपडा सुटून थेट लापशीच्या पातेल्यात पडला.

पोपड्याची एक बाजू आकाशी होती, एक पांढरी. तो तुपात जरा वेळ तरंगला आणि मग बुडाला.

"घ्या," रुपाबाई नवऱ्याला म्हणाली. "तुमच्या बानं घास तं नाई घेतला. वरून आपल्यालेच वाढलं."

निता, मोठी सून, पुढे झाली आणि पळीनं पोपडा बाहेर काढून पाहू लागली. पोपड्याला तीन थर होते, आणि प्रत्येक थर घरातल्या कोणाचा ते तिला सांगता आलं असतं.

रतनसिंगनं हे घर बांधलं तेव्हा तांड्यात बाकी सगळी घरं कुडाची होती. धरणाच्या कामावर तो दगड फोडायचा, आणि संध्याकाळी बैलगाडी रिकामी परत आणायला त्याला संकोच वाटायचा. त्या संकोचातून दोन हात रुंद काळ्या दगडाच्या भिंती उभ्या राहिल्या, आणि उरलेल्या दगडातून मागच्या अंगणात शेळ्यांचं घर. दोन्हीकडे दगड तोच, माती तीच, हात तोच. फरक एवढाच, की शेळ्यांच्या भिंतीकडे पुढे कोणी लक्ष दिलं नाही.

माणसांच्या भिंतीला मात्र ओल धरली, आणि तिच्यावर घरातल्या प्रत्येकानं आपापल्या अकलेप्रमाणे उपाय केला. धाकट्या बादलचं केनवडला रंगाचं दुकान होतं. त्यानं तिला ओल रोखणारा आकाशी रंग दिला, गॅरंटीसकट. पहिल्याच श्रावणात तो रंग भिंतीपासून सुटून पडद्यासारखा लोंबू लागला. त्याची बायको रीता हिनं त्यावर प्लास्टिकच्या पट्ट्या ठोकून घेतल्या, तर पट्ट्यांमागे बेडूक राहायला आले आणि रात्रभर घरातल्या गोष्टींवर मत देऊ लागले. निताचा नवरा वीरेंद्र वाशीमला शाळेत विज्ञान शिकवायचा. त्यानं हवा खेळती राहावी म्हणून भिंतीत पंखा बसवला. हवा खेळू लागली, ती शेजारच्या उकिरड्यावरून. रुपाबाईनं भिंतीपुढे कपाट सरकवलं. आणि सेवादासनं, जो दोन वेळा सरपंच होता आणि ज्याला प्रश्न कसे हाताळायचे ते ठाऊक होतं, त्यानं तिकडे पाहणं सोडून दिलं.

लापशी नवी शिजेपर्यंत सगळे ओसरीवर बसले. या घरात लाड गोरमाटी बोलीत चालत आणि भांडणं वऱ्हाडीत. वीरेंद्रनं घसा साफ केला आणि वऱ्हाडीत सुरुवात केली, तेव्हाच निताला कळलं.

"बा, भाऊबीज झाली की परवा मी वाशीमले जाऊन राह्यलो. फ्लॅटची बुकिंग कराले."

त्यानं खिशातून फ्लॅटचं गुळगुळीत माहितीपत्रक काढून मधे ठेवलं. त्यावर एक बाई हसत होती. तिच्या मागे एकही पोपडा नव्हता.

सगळ्यांनी माहितीपत्रकाकडे पाहिलं, आणि मग निताकडे. सासऱ्यानं रागानं, सासूनं दुःखानं, आणि रीतानं खोली रिकामी होणार अशा नजरेनं.

"सुनेचं डोकं शहराकडं गेलं की असंच होते," सेवादास म्हणाला.

"मी काई बोलली का, मामाजी?"

"तू बोलत नाई. त्याच्या तोंडून बोलते."

फ्लॅट निताला नको होता. हे घरात कोणालाच माहीत नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं. वीरेंद्रनंही नाही, बायकोला शहर नको असेल ही शक्यता त्याच्या अभ्यासक्रमात नव्हती. मधल्या खोलीत निताचं पापडाचं काम चालायचं. तांड्यातल्या बाया लाटायला यायच्या, गच्चीभर पापड वाळायचे, आणि वाशीमच्या दुकानांत तिच्या नावाची पाकिटं लागायची. फ्लॅटच्या गॅलरीत एक टॉवेल वाळला असता. तिथं ती राठोड सरांची मिसेस झाली असती. इथं ती निताबाई होती.

पण मधल्या खोलीची भिंत तीच, पोपड्याची. भादव्यात कोठीतल्या पापडांना हिरवी लव आली आणि दुकानदारानं सगळा माल परत पाठवला. "ताई, पापड चवीले एक नंबर हायत," तो फोनवर म्हणाला होता. "फक्त त्याईची दाढी करून पाठवत जा." दिवाळीनंतर पुन्हा तसाच माल आला तर दुसरीकडून घेईन, हेही त्यानं तितक्याच गोडीनं सांगितलं होतं. खोली सुकली नाही तर काम बंद, आणि काम बंद पडलं तर या घरात राहायचा हट्ट कशाच्या जोरावर धरायचा, हा निताचा प्रश्न होता.

"मामाजी, भिंत सुकली तं कोनी कुठं जाऊन नाई राह्यलं," ती म्हणाली.

"ताई, माझ्याकडं नवीन माल आला हाय," बादल लगेच म्हणाला. "रबराचा. भिंतीले रेनकोट घातल्यासारखा."

"भाऊजी, रेनकोट घालून झोपून पाहा एक रात. सकाळी आंगावर काय येते?"

"घाम."

"तेच भिंतीले येते. तुमी तिले वरतून बंद केलं, तं आतलं पानी जाईन कुठं? लापशीत."

वीरेंद्रनं चमकून पाहिलं. विज्ञान त्याचं होतं.

"तुले कोनं सांगतलं हे?"

"शेळ्याईनं."

आणि ते खरं होतं. परत आलेला माल ठेवायला जागा नव्हती म्हणून तिनं तो शेळ्यांच्या घरातल्या माळ्यावर टाकला होता, सवडीनं शेळ्यांना घालू म्हणून. त्याच्याच शेजारी एक ताजा डबा चुकून राहिला. पंधरवड्यानं उघडला तर त्यातले पापड कडकडीत. बकरीचा वास होता, पण लव नव्हती. तेव्हा तिनं पहिल्यांदा त्या भिंतीवर हात फिरवून पाहिला. कोरडी. भर पावसात. मग ती रोज तिकडे जाऊन भिंत पाहू लागली, आणि शेळ्या तिच्याकडे.

"थ्या भिंतीले गिलावा नाई," ती आता म्हणाली. "दगड अन माती. पाऊस लागते, वारा लागते, सुकून जाते. अन बाहेरची जमीन खाली हाय, जोत्याच्या खाली. आपल्या इकडे उलटं. आतून सिमेंटचा गिलावा, अन बाहेर रस्ता उंबऱ्यापेक्षा वर. गावाचं पानी भिंतीच्या पायात मुरते, वर चढते, अन सिमेंटमुळं त्याले बाहेर पडाले जागा नाई. गिलावा काढा. बाहेर भिंतीलगत नाली खोदा, तिच्यात दगडगोटे भरा. अन आतून मग चुन्याचा हात मारू. बस."

रुपाबाईनं बोट हनुवटीला लावलं. "मंग माणसानं शेळीसारखं राहाचं?"

"शेळीले दम लागत नाई, याडी. तुमाले लागते."

रुपाबाईनं बोट खाली घेतलं. तिची खाट त्याच भिंतीला होती.

"काई गिलावा काढाचा नाई," सेवादास म्हणाला. "अन रस्त्याले हात लावाचा नाई."

हे अपेक्षित होतं. समोरचा सिमेंटचा रस्ता सेवादासनं सरपंच असताना केला होता, आणि त्याच्या नावाची काळी पाटी याच घराच्या बाहेरच्या भिंतीत बसवली होती. पाटीच्या खालीच ओल सगळ्यात जास्त होती. रस्त्यावर त्याचा जीव असा, की ट्रॅक्टर येऊ नये म्हणून तोंडाशी दोन मोठे दगड त्यानं स्वतः गाडले होते. नळयोजनेचे लोक रस्ता खोदायला आले तेव्हा तो खाट टाकून मधे झोपला, आणि पाईपलाईन सगळ्यांच्या परसदारातून फिरून गेली. निवडणूक तो त्याच वर्षी हरला. पण रस्त्याला चरा नव्हता.

"बा, मी निताच्या बाजूनं नाई," बादल म्हणाला, "पन रस्ता उंच हाय हे खरं हाय."

"तू रंग विक."

"अन ताई फ्लॅटमधे गेल्या तं भिंतीचं टेन्शनच नाई," रीता म्हणाली. "मधल्या खोलीत आमी फ्रीज ठेवू."

"फ्रीजले बी लव येईन," रुपाबाई म्हणाली. ती कोणत्या बाजूला सरकते आहे ते अजून तिचं तिलाही ठरवता आलं नव्हतं.

तेवढ्यात विनोद पाडव्याचा राम राम करायला आला. तांड्याची सरपंच त्याची बायको वैभवी होती. सही तिची आणि चहा त्याचा, अशी कामाची वाटणी होती. सेवादासला हरवणारं पॅनल त्याचंच. दोघं गेली कित्येक वर्षं एकमेकांच्या हातपंपावरून, समाजमंदिरावरून, अगदी विजेच्या खांबाच्या तोंडावरूनही भांडत आले होते.

"काका, आनंदाची बातमी," विनोद बसता बसता म्हणाला. "तुमच्या रस्त्यावर पेव्हर ब्लॉक मंजूर झाले. लाल अन पिवळे. दिवाळी झाली की काम सुरू."

निता चहा गाळत होती. आता भांडण होणार म्हणून तिनं गाळणी जरा दूर धरली.

"टाक नं बाबा," सेवादास म्हणाला. "लवकर टाक."

गाळणी तिथंच थांबली. विनोदही जरा गोंधळला. वाद घालायच्या तयारीनं आलेल्या माणसाला मोकळी वाट मिळाली की तो पडतो.

"तुमचा रस्ता खाली जाईन, काका. माह्या बायकोच्या नावाची पाटी लागन."

"लाव. माही काढून लाव पाह्यजे तं."

"भाऊ," निता म्हणाली, "रस्ता खोदून टाकान का वरून?"

"खोदाले कायले, वहिनी? पक्का रस्ता हाय. वरूनच."

"मंग रस्ता खिडकीत येईन."

"येऊ दे," सेवादास घाईनं म्हणाला. "बसल्या जागी गावाले राम राम करता येते."

विनोद चहा पिऊन पुढच्या घरी गेला. निता कपबशा उचलत राहिली. रस्त्यासाठी खाट टाकून झोपणारा माणूस तोच रस्ता लाल-पिवळ्या ब्लॉकखाली गाडायला का निघाला, हे तिला कळेना. पण एक गोष्ट नीट कळली: दिवाळीनंतर या भिंतीच्या बाहेर आणखी वीतभर भर पडणार, आणि मग पापडच काय, रुपाबाईची खाटही पोहायला लागणार. करायचं ते ब्लॉकच्या आधी.

ती मागे गेली. शेळ्यांच्या घरात खणायची टिकास कोपऱ्यात उभी होती. शेळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. पदर कमरेला खोचून, टिकास खांद्यावर घेऊन ती घरातून सरळ चालत पुढच्या दाराशी आली.

"निता," वीरेंद्र उठला, "आपन फ्लॅट घेऊन राह्यलो ना."

"तुमी घेऊन राह्यले. मी खोदून राह्यली."

"रस्ता सरकारी हाय," सेवादास म्हणाला. त्याचा आवाज आज पहिल्यांदा खाली आला होता. "केस होते, पोरी."

"तं करा."

"उद्या मानूस लावतो. आज सण हाय. पाडव्याले जमीन दुखवू नये."

"जमीन नाई दुखवत, मामाजी. सिमेंट दुखवते."

भिंतीपासून एक हात सोडून, पाटीच्या बरोबर समोर, तिनं टिकास डोक्यावर घेतली. पक्का रस्ता म्हणून तिनं सगळा जोर लावला. तेवढ्या जोराची गरज नव्हती. टिकास रस्त्यात अशी गेली की दांडा तिच्या हातात आडवा आला आणि पुढे झोक जाऊन ती स्वतः पाटीवर आदळली. टिकास बाहेर काढली तर टोकाला लाल मुरूम लागला होता. बाजूला सिमेंटचा एक तुकडा उलथून पडला होता. रीतानं तो उचलला. तो भाकरीपेक्षा जरा जाड होता. तिच्या नाही, निताच्या भाकरीपेक्षा.

"अव माय," रीता म्हणाली. "हे तं मोडते." आणि तिनं हातानं मोडून दाखवलं.

निता सासऱ्याकडे वळली. सेवादास आकाशाकडे पाहत होता. ऊन चांगलं पडलं होतं. ट्रॅक्टर अडवणारे दगड, नळाचे पाईप, ती खाट, लाल-पिवळे ब्लॉक, सगळं एका ओळीत येऊन तिच्यापुढे बसलं. रस्त्याची उंची मुरुमाची होती, सिमेंट नावापुरतं. मुरूम टेकडीतून फुकट यायचा.

सणाच्या दिवशी लोक रिकामेच असतात. ओसरीसमोर माणसं जमली, आणि दोन घरं पुढे गेलेला विनोद जितक्या वेगानं गेला होता त्याहून जास्त वेगानं परत आला. त्यानं खड्ड्यात बोट घातलं. बोट पुरलं.

"कागदावर वीतभर होता, काका."

सेवादास म्हणाला, "उन्हानं आकसते."

"मंग बाकीचं सिमेंट कुठं गेलं?"

उत्तर रुपाबाईनं दिलं. ती दारात उभी होती, आणि सकाळपासून पहिल्यांदा ती कोणत्या बाजूला आहे ते तिचं ठरलेलं दिसलं.

"इकडे या," ती म्हणाली. "चपला काढून या."

सगळे चपला काढून मधल्या खोलीत आले. तिनं कपाटाला खांदा लावून ते सरकवलं, प्लास्टिकची एक पट्टी खेचून काढली. आतला बेडूक निघून गेला. मग तिनं त्या ओलसर, काळपट, मिठासारखी पांढरी भुकटी फुटलेल्या भिंतीवर थाप मारली.

"हा घ्या तुमचा रस्ता. माह्या बहिनीच्या घरी धनजले गिलाव्याच्या भिंती होत्या. गुळगुळीत. अन माह्या घरी दगड. मी ह्याईले म्हनलं, सरपंच होऊन काय फायदा. तं ह्याईनं सिमेंट आनलं."

"तू मांगतलं नसतं तं?" सेवादास म्हणाला.

"तुमी नाई म्हनलं असतं तं?"

रुपाबाई त्याच गिलाव्याच्या कडेला इतकी वर्षं खोकत झोपत आली होती. आता तिनं गिलाव्याकडे असं पाहिलं, जसं बहिणीनं दिलेलं न आवडलेलं लुगडं पाहावं.

"भाऊ," निता विनोदला म्हणाली. तिच्या डोक्यात अजून ब्लॉकच होते. "तुमी आता रस्ता खोदूनच ब्लॉक टाकान ना? जोत्याच्या खाली? अन नाली?"

"खोदाले काय रायलं, वहिनी. झाडू मारला तरी निघते."

"बोला ना सगळ्यायसमोर."

विनोदनं जमलेल्या लोकांकडे पाहिलं, मग सेवादासकडे. हे प्रकरण पंचायतीत नेलं तर त्याचं काय होईल, आणि पुढे कोणी आपल्या ब्लॉकखाली बोट घालून पाहिलं तर काय होईल, असे दोन्ही विचार त्याच्या चेहऱ्यावरून एकामागून एक गेले. "खोदून टाकू," तो म्हणाला. "नालीसकट."

"अन हे?" बादलनं भिंतीकडे बोट केलं. त्याच्या आवाजात रबराची शेवटची आशा होती.

सेवादास पुढे झाला. कोणी काही सांगायच्या आत त्यानं निताच्या हातातली टिकास घेतली, धोतर खोचलं आणि भिंतीवर पहिला घाव स्वतः घातला. टिकास टणकन उसळून मागे आली. दुसरा घाव घातला. ठिणगी पडली, गिलाव्याला चरा गेला नाही. ओलीनं वरचे रंग सोलले होते, पण खालचं सिमेंट पंधरा-वीस पावसाळे पिऊन लोखंड झालं होतं.

मग छन्नी आली, हातोडा आला. वीरेंद्रनं शाळेची पँट बदलली. धूळ उडू लागली तशी त्यानं इकडे तिकडे पाहिलं, फ्लॅटचं माहितीपत्रक उचललं आणि नीट घडी उलगडून निताच्या पापडाच्या कोठीवर झाकलं. हसणारी बाई वर आली. वाऱ्यानं उडू नये म्हणून नितानं वर एक दगड ठेवला.

दुपार कलली तेव्हा कुठे टोपलीएवढी जागा मोकळी झाली. आत रतनसिंगचा दगड होता, काळा, घामेजलेला, सांध्यातली माती अजून बोटाला लागणारी. निघालेले गिलाव्याचे तुकडे निता घमेल्यात भरून बाहेर नेत होती आणि रस्त्यातल्या खड्ड्याशी ओतत होती. तेवढा रस्ता तांड्याला परत मिळत होता.

विनोद अजून गेला नव्हता. त्यानं एक तुकडा उचलला, दोन्ही हातांनी मोडायला पाहिला, मग उंबऱ्यावर आपटून पाहिला. उंबऱ्याची खपली उडाली.

"काका," तो खऱ्या आदरानं म्हणाला, "रस्ता तं लय मजबूत केला होता तुमी. फक्त उभा केला."

सेवादासनं छन्नी पुन्हा सांध्यात धरली.

"ट्रॅक्टर नाई आला त्याच्यावर कधी," तो म्हणाला. "हातोडा दे."